कालची रात्र दोघांनाही आठवते तोवर

एक सर्व्हर मनात आणा. त्यावर दहा टेराबाइट डेटा आहे. दूरच्या शहरातल्या दुसऱ्या सर्व्हरवरही तोच डेटा आहे, पण काल रात्रीपर्यंतचा. आज दिवसभरात इथे कुणी एक पत्र दुरुस्त केलं, कुणी फोटो चढवले, डेटाबेसमध्ये चार ओळी वाढल्या. तेवढंच तिकडे पोचवायचं आहे. पाठवायची घाई करू नका. आधी एवढाच प्रश्न घेऊन बसा: काय बदललं, हे इथल्या सर्व्हरला कळणार कसं?

हिंडून बघितल्यावर कळेल, हे पहिलं उत्तर. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार केलेलं आरसिंक हेच करतं, आणि फार हुशारीने करतं. बदललेल्या फाइलचे तुकडे करून जुळणारे भाग वगळतं, त्यामुळे तारेवरून थोडंच जातं. पण बदलली की नाही, हे विचारायला प्रत्येक फाइलच्या दारात जावं लागतं. फायली लाखोंनी असल्या तर ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवशीही ही फेरी चुकत नाही.

आता दुसऱ्या वाटेने बघू. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी २००१ पासून घडवलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमचा एक नियम आहे: वापरात असलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहायचं नाही. (नेटअ‍ॅपची वॅफल त्याच्या कितीतरी आधीपासून हा नियम पाळत होती, कल्पना एका घरची नाही.) जुन्या पेढीवरचा मुनीम खाडाखोड न करता नव्या पानावर नोंद करतो आणि अनुक्रमणिकेत पानाचा आकडा बदलतो, तसंच हे. पण अनुक्रमणिका बदलायची म्हणजे तीही पुन्हा लिहायची. मग तिचा पत्ता ज्या ब्लॉकमध्ये आहे तोही नवा. असं करत थेट मुळापर्यंत.

इथे जरा रेंगाळा. खाली एक अक्षर बदललं आणि वरपर्यंतची अख्खी साखळी नवी झाली. ही उधळपट्टी वाटते ना? तसं वाटू द्या.

स्नॅपशॉट म्हणजे या घडीचं मूळ धरून ठेवायचं. डेटाची नक्कल होत नाही. फक्त त्या मुळाखालचे ब्लॉक मोकळे करायचे नाहीत, एवढं ठरतं. म्हणून दहा टेराबाइटचाही स्नॅपशॉट निमिषात होतो आणि घेताना जवळजवळ काहीच जागा खात नाही. जागा नंतर लागते, जसजसं जिवंत डेटाचं रूप त्यापासून दूर जातं तसतशी.

आणि आता त्या उधळपट्टीचं फळ. झेडएफएसमध्ये ब्लॉकच्या पत्त्यासोबत त्याचा जन्मक्रमांकही लिहिलेला असतो: लिहिण्याच्या कोणत्या फेरीत तो डिस्कवर उतरला. कालच्या स्नॅपशॉटचा क्रमांक ठाऊक आहे. आजच्या मुळापासून खाली उतरा. एखाद्या फांदीचा जन्म कालच्या आधीचा निघाला, तर तिच्याखाली काहीही बदललेलं नाही. बदललं असतं तर ती फांदी स्वतःच नवी झाली असती. ती उघडायचीच नाही. तिच्याखाली शंभर गिगाबाइट असतील, तरी एका आकड्यावर नजर टाकून पुढे जायचं. न बघता खात्री असणं संगणकात फार थोड्या ठिकाणी मिळतं. मला या साऱ्या यंत्रणेत सगळ्यात सुंदर वाटते ती हीच जागा.

पण जे नवं निघालं ते खरंच नवं आहे का? तेच छायाचित्र तीन जणांनी चढवलं असेल. ब्लॉकचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा छोटा ठसा, काढायचा, तो जुळला तर एकच प्रत ठेवायची, हे डीडुप्लिकेशन. २००१ मध्ये मांडलेली एलबीएफएस ही फाइल सिस्टिम मंद नेटवर्कसाठी होती. ती आधी फक्त ठसे पाठवी, आणि पलीकडे जे नाही तेवढाच मजकूर. तिने आणखी एक नाजूक गोष्ट केली. ठरावीक मापाचे तुकडे पाडले, तर फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर घालताच पुढची प्रत्येक सीमा सरकते आणि सगळंच परकं दिसू लागतं. एलबीएफएस मजकुरावरून ४८ बाइटची खिडकी सरकवत, मजकूर जिथे सुचवेल तिथे तोडते. मग घातलेल्या अक्षराचा धक्का एकदोन तुकड्यांतच विरतो.

याची किंमतही बघा. झेडएफएसमध्ये डीडुप २००९ मध्ये आलं. एका टेराबाइटचे १२८ किलोबाइटचे ब्लॉक पाडले तर सुमारे ८४ लाख होतात, आणि प्रत्येक ठशाच्या नोंदीला मेमरीत साधारण ३२० बाइट: म्हणजे अडीच गिगाबाइटच्या पुढे, एकेका टेराबाइटमागे. डेटात पुनरुक्ती नसेल तर हा भार फुकटचा. माझं मत विचाराल तर स्नॅपशॉट डोळे मिटून घ्यावेत, डीडुप मात्र डोळे उघडे ठेवून. शिवाय ठसा जुळला म्हणजे मजकूर तोच, हा शेवटी विश्वास आहे. २०१७ मध्ये दोन वेगळ्या पीडीएफचा शा-१ हॅश एकच निघेल असं प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं. शा-२५६ चा असा जोड अजून कुणाला सापडलेला नाही, तरीही झेडएफएसमध्ये बाइटला बाइट लावून पडताळण्याची सोय आहे.

आता सुरुवातीच्या दोन सर्व्हरमधला कालचा स्नॅपशॉट आठवा. फरक मोजला जातो तो त्याच्यापासून. जागेसाठी कुणी इथला तो पुसला, आणि दोघांकडे असलेला दुसरा जुना स्नॅपशॉटही नसला, तर दोन्हीकडे डेटा शाबूत असूनही दहाच्या दहा टेराबाइट नव्याने पाठवावे लागतात. यावर झेडएफएसमध्ये बुकमार्क आहे. स्नॅपशॉट पुसण्याआधी त्याचा बुकमार्क करून ठेवला, तर त्यात जुना डेटा राहत नाही, राहतो तो क्रमांक, आणि इथून फरक काढायला तेवढा पुरतो. तिकडच्या सर्व्हरला मात्र ही सवलत नाही. त्याच्याकडे कालचा पुरा स्नॅपशॉट असायलाच हवा, कारण आजचा फरक बसवायचा तो त्याच्यावरच.