वेदनाशमन आणि हेतूची शुद्धता

रुग्णाची वेदना औषधाने कमी करावी की त्याने ती सोसावी, हा प्रश्न ख्रिस्तसभेत केव्हाच निकालात निघाला आहे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना आपले मत स्पष्ट केले. दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाच्या धार्मिक व नैतिक कर्तव्यांच्या आड येत नसेल, तर अफूवर्गीय औषधाने वेदना शमविणे नीतीला धरून आहे. त्यामुळे आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला तरीही. तेव्हा ‘देवाने दिलेले दुःख सोसावे’ असे म्हणून दुसऱ्याला तळमळत ठेवणाऱ्याने ख्रिस्तसभेची साक्ष काढू नये.

परंतु याच शिकवणुकीतून एक सुलभ समाधानही निपजते: ‘माझा हेतू चांगला होता.’ एका कृत्याचे दोन परिणाम होत असतील, तर इष्ट परिणामाचा हेतू धरून अनिष्ट परिणाम पत्करता येतो, या विचाराचे मूळ संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाविषयी केलेल्या विवेचनात आहे. त्याच ठिकाणी ते असेही बजावतात की, स्वसंरक्षणासाठी गरजेपेक्षा अधिक बळ वापरले, तर ते कृत्य अनुचित ठरते. म्हणजे शुद्ध हेतूला मापाचेही बंधन आहे. हा उत्तरार्ध आपण सोयीस्करपणे विसरतो.

आपल्या जिल्ह्याकडे पाहू. पाथर्डी, शेवगावकडचा एखादा ऊसतोड मजूर, समजा, गळिताच्या हंगामात गाडीवरून पडून पाय मोडून घेतो. शस्त्रक्रिया होते आणि चार-पाच दिवसांत त्याला घरी सोडतात. चिठ्ठीवर ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल यांची एकत्रित गोळी लिहिलेली असते. एका गोळीत बहुधा साडेसदतीस मिलिग्रॅम ट्रामाडोल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. रुग्णालयात त्याची ग्लानी, त्याचा श्वास पाहायला परिचारिका होती. कोपीवर कोण आहे? ‘दुखेल तेव्हा घ्या’ एवढेच सांगितले असेल, तर ज्याचे दिवसभर दुखते त्याने काय करावे? अंगात कणकण वाटली की तो दुकानातून तापाची गोळी आणतो. तीतही पॅरासिटामॉलच असते. धडधाकट प्रौढालाही दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे ते घेता येत नाही. दारूने यकृत दुबळे झालेल्यास त्याहूनही कमी. रात्री थोडी घेण्याची सवय असली, तर दारू आणि ट्रामाडोल मिळून श्वास मंदावतो. फेफरे येणाऱ्यास ट्रामाडोलने झटका येऊ शकतो. आणि आठवड्याने हाच मनुष्य, किंवा उरलेली गोळी घेतलेला त्याचा भाऊ, झोपेच्या अमलात उसाचा ट्रॅक्टर हाकायला बसला तर?

औषध लिहिणाऱ्याने यातले काहीच इच्छिले नव्हते, हे खरे. पण टाळता येण्याजोगा अनिष्ट परिणाम टाळण्याची खटपटच केली नाही, तर ‘इच्छिले नव्हते’ या म्हणण्याला फारसे वजन राहत नाही.

यावर भीती हे उत्तर नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने आपल्या देशात मॉर्फिन दुर्मीळ झाले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण विनाकारण विव्हळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून ही अडचण काहीशी सैल करावी लागली. २०१८ साली ट्रामाडोलही त्या कायद्याखाली आले. कारवाई नको म्हणून ज्याला खरोखर गरज आहे त्यालाही गोळी न लिहिणारा डॉक्टर निर्दोष ठरत नाही. वेदनेने खोकता येत नाही, हालता येत नाही, अशा रुग्णाच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो, पायात रक्ताची गुठळी धरते. अमेरिकेने दुसरे टोक गाठले. तेथे हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलच्या गोळ्या गरजेपेक्षा जास्त दिल्या जात. उरलेल्या घराघरांतून पडून राहत आणि भलत्यांच्या हाती लागत. २०१४ साली त्यांच्यावर निर्बंध अधिक कडक करावे लागले.

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्य आपल्याला तेल आणि द्राक्षारसासाठी आठवतो. मला त्याचा दुसरा दिवस अधिक मोलाचा वाटतो. निघताना तो जखमी माणसाला एका ठरावीक माणसाच्या हवाली करतो, दोन दीनार मोजून देतो आणि परत येण्याचा शब्द देतो. एक माणूस, एक माप, एक भेट. रुग्णाला घरी सोडण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

डॉक्टरांना वेळ नसतो, ही सबब खोटी नाही. शंभर रुग्णांच्या रांगेत प्रत्येकाच्या घरची चौकशी कोण करणार? पण जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावच्या अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि रुग्णालयाबाहेरचे बरेचसे काम त्यांनी पेलले. परिचारिका किंवा आशाताई निघण्यापूर्वी रुग्णाच्या बायकोला जवळ बसवून विचारू शकते: दारू घेतात का, फेफरे येतात का, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, घरात लहान मुले आहेत का, गोळ्या कोठे ठेवाल? गोळ्या मोजक्याच दिवसांच्या द्याव्यात, दिवसाला जास्तीत जास्त किती हे मराठीत लिहून द्यावे आणि उरलेल्या पुढच्या भेटीला परत आणायला सांगावे. हे सारे दहा मिनिटांत होते.