पायरी आणि पंगत

‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ या वाक्याला हल्ली हमखास टाळ्या पडतात. घरशाळेवरच्या एका परिसंवादाला मागच्या मे महिन्यात भाचीबरोबर गेले होते, तिथेही पडल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी भाची उठली. म्हणाली, घरी तीन मुलं आहेत, दहा, सात आणि साडेचार वर्षांची. जूनपासून घरीच शिकवायचं ठरलंय, तर अभ्यासक्रम कुठला घेऊ? व्यासपीठावरून उत्तर आलं की प्रत्येक मूल वेगळं असतं, तेव्हा एकेकाचा कल बघा आणि ज्याला त्याला साजेसा अभ्यासक्रम निवडा. टाळ्या. भाची खाली बसली. एक प्रश्न घेऊन उभी राहिली होती, तीन घेऊन बसली.

बाहेरच्या टेबलांवर त्या तिन्हींची उत्तरं खोक्यांत भरून ठेवलेली होती. पहिलीचं खोकं हिरवं, दुसरीचं निळं, असं पुढे पाचवीपर्यंत. आत पुस्तकं, सरावपत्रिका, मणी, ठोकळे आणि पालकांसाठी रोज काय करायचं त्याचा तक्ता. भाचीनं तीन खोक्यांचा हिशेब लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा गप्प राहिले, कारण चिडले होते आणि नेमकी कशावर चिडले ते मलाच सांगता आलं नसतं.

आता सांगता येईल असं वाटतं. मी भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत बरीच वर्षं काढली. पहिली ते चौथी मिळून पट तिशीच्या आत. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक बसतात, त्यामुळे अशा शाळा डोंगराकडेच्या गावांत सगळीकडे आहेत. दोन शिक्षक ही कागदावरची गोष्ट. दुसरे गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्यासमोर, एकाच खोलीत. सहा वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल एका शिक्षकानं एकाच वेळी कसं शिकवायचं, हा प्रश्न शहरातल्या आईबापांना आज नव्यानं पडला आहे. तालुक्यात तो रोज हजेरीबरोबर सुरू होतो. आम्ही त्याला ‘बहुवर्ग अध्यापन’ म्हणतो, त्याची प्रशिक्षणं होतात, त्यात कंटाळवाणी भाषणं होतात आणि अधूनमधून एखादी खरोखर कामाची गोष्टही हाती लागते. त्या परिसंवादात तीन तासांत हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नाही.

घरी शिकवणं आपल्याकडे नवं नाही, हे सांगायला नकोच. ज्यांच्या घरात अक्षर होतं त्यांच्याकडे ते चालत आलं. ज्यांच्याकडे येऊ दिलं नव्हतं त्यांच्यासाठी शाळा काढाव्या लागल्या, आणि 1848 सालच्या भिडेवाड्यापासून पुढची गोष्ट शाळकरी पोरंही सांगतात. म्हणून घरशाळेचं कुणी फार कौतुक करू लागलं की मी जरा सावरून बसते. पण भाचीनं ठरवलं होतं, तिची कारणं तिच्यापाशी. माझ्यापुढे प्रश्न एवढाच, की तिघांना काय द्यायचं.

यावरची बाकीची मतं एकेका ओळीत निकालात काढता येतील. काहीच शिकवू नका, मूल आपणहून शिकेल, असं म्हणणाऱ्यांना जोडाक्षरं आपणहून येणारी मुलं भेटलेली असावीत. मला फार थोडी भेटली. पहिल्या दिवसापासून केंब्रिजच्या परीक्षेकडे डोळे लावून बसणाऱ्यांनी घरशाळा काढलेली नाही, शिकवणी काढली आहे. आणि मॉन्टेसरीच्या नावानं प्रत्येक मुलाला वेगळा साहित्यसंच घेणाऱ्यांनी निदान एवढं आठवावं, की मॉन्टेसरीबाईंच्या खोलीत तीन ते सहा वर्षांची मुलं मुद्दाम एकत्र ठेवलेली असत.

मला वाद घालायचा आहे तो ‘ज्याचा त्याचा अभ्यासक्रम’ म्हणणाऱ्यांशी. ही माणसं शहाणी आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांचं ऐकून घरं बुडतात.

आधी साधा हिशेब. तीन मुलं, प्रत्येकाचे सहा विषय, म्हणजे अठरा पाठ. एकेकाला अर्धा तास धरला तरी नऊ तास होतात. एवढे तास एका आईकडे नसतात, बापाकडे तर मागू नयेत. मग काय होतं ते मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे. मोठ्याचं खोकं नीट चालतं, कारण त्याचं मागे पडणं दिसतं. धाकट्याचं दहा दिवस चालतं, कारण त्यातले मणी सुंदर असतात. मधल्याच्या खोक्यावर कपड्यांच्या घड्या येऊन बसतात.

यावर ते म्हणतात की हा व्यवस्थापनाचा प्रश्न झाला, तत्त्वाचा नव्हे. तर तत्त्वाचंच बोलू. ‘ज्याचा त्याचा’ म्हणून जे विकलं जातं, त्यावर लिहिलेलं काय असतं? इयत्ता. एका वयाची मुलं एका खोलीत आणि त्यांना एकाच वर्षात एकच गोष्ट, ही शाळेनं गर्दीच्या सोयीसाठी केलेली मांडणी. गर्दी होती म्हणून केली, त्यात लाज नाही. पण ज्या घरात गर्दीच नाही तिथे तीन मुलांच्या तीन इयत्ता कशासाठी? दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची माध्यमिक परीक्षा चौदाव्या वर्षापासून देता येते. म्हणजे पहिली सात-आठ वर्षं दारात कुणी परीक्षा घेऊन उभं नाही. असं असताना शाळा सोडायची आणि तिचा सगळ्यात कच्चा भाग तेवढा खोक्यात भरून घरी आणायचा, ही माझ्या मते स्वतंत्र वाट नव्हे. शाळेचे तीन तुकडे केले, इतकंच.

त्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा गतीचा आहे आणि तो मला वर्षानुवर्षं छळत आला आहे. एकत्र बसवलं तर मोठं मूल अडकतं, लहान हरवतं, असं ते म्हणतात. खरं आहे. माझ्याच शाळेत चौथीतली एक चुणचुणीत मुलगी केवळ खोली एक म्हणून पहिलीची बडबडगीतं ऐकत बसलेली मी पाहिली आहे, आणि तिचा कंटाळा माझ्या पदरी जमा आहे. पण हे काही सगळ्या शिकण्याबद्दल खरं नाही. काही गोष्टींबद्दल पूर्ण खरं आहे आणि काहींबद्दल साफ खोटं. त्या दोन्हींना ‘विषय’ हे एकच नाव दिल्यामुळे सगळा घोळ होतो.

मी त्यांना माझ्यापुरती पायरी आणि पंगत म्हणते. पायरीचं ते, ज्यात आधीचं आल्याशिवाय पुढचं येत नाही. पंगतीचं ते, जे सगळ्यांना एकच वाढावं आणि ज्यानं त्यानं आपल्या भुकेएवढं जेवावं.

सात वर्षांच्या मुलीनं 52 वजा 27 हे 35 लिहिलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान जातं हे तिला माहीत, मग वर कोण आणि खाली कोण याला काय महत्त्व? ही चूक ज्यानं मुलांना वजाबाकी शिकवली त्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. तिच्यासाठी काड्या घेऊन बसावं लागतं. दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या मागितल्या की ती दोनांकडे बघत राहते. इथे घाई करायची नसते. मग कधीतरी ती आपणच एका गठ्ठ्याचं रबर काढते, बारा सुट्या होतात, आणि गठ्ठे आता पाच नसून चार आहेत हे तिच्या ध्यानात येतं. हे चालू असताना शेजारी दहा वर्षांची बहीण असली तर ती ‘पंचवीस’ असं कुजबुजते आणि सगळं मुसळ केरात. ही पायरी. इथे ‘ज्याचं त्याचं’ हे शंभर टक्के बरोबर. फक्त ते सहा विषयांत नसून दोनच ठिकाणी आहे, आकड्यांत आणि लिपीत. तिघांचं मिळून रोज दीड तासात होतं.

आंध्रातल्या ऋषिव्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी हेच ओळखून शिडी आणि कार्डं तयार केली. मूल आपल्या पायरीचं कार्ड घेतं, काही मुलं शिक्षकाजवळ बसतात, काही एकमेकांजवळ, काही एकटी. पुढे तमिळनाडूनं ती पद्धत राज्यभर नेली. खोकेवाले हा दाखला देतात. पण ती शिडी सगळ्यांसाठी एकच असते आणि मुलं एका खोलीत गटानं बसलेली असतात, एवढं ते सांगत नाहीत.

आता पंगत. तिसरीचं परिसर अभ्यासाचं बालभारतीचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं निघत आलं आहे. चांगली कल्पना. पण आपल्या जिल्ह्यातली नदी आठव्या वर्षीच का कळावी? चौथीला शिवछत्रपती आहेत, म्हणून अफजलखानाच्या वधाची गोष्ट मूल चौथीत जाईपर्यंत झाकून ठेवणारं घर महाराष्ट्रात मला माहीत नाही. ती गोष्ट अंथरुणावर तिघांना एकदमच सांगितली जाते. साडेचार वर्षांचा वाघनखांपाशी थांबतो, सातवाली विचारते की त्याला आधी कळलं कसं नाही, आणि दहाची प्रतापगडच का निवडला म्हणून नकाशा काढते.

भाचीच्या घरी जूनमध्ये पाऊस मोजायला घेतला. प्लॅस्टिकच्या सरळ बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं की झालं पर्जन्यमापक. बाटलीचं बूड खडबडीत असतं, म्हणून थोडं पाणी आधीच भरून शून्याची खूण तिथे करायची, हे मोठीनं काढलं. मिलिमीटर तीच वाचते, आलेख तीच काढते. मधली रोजचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिते. धाकटा त्याच कॅलेंडरात नक्षत्राचं वाहन बघतो. बेडूक असला की खूश, कारण मग पाऊस पडणारच. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर हवामान खातं तो पावसाचा दिवस धरत नाही, हे मोठीनं कुठूनतरी वाचून आणलं आणि एका दिवशी दोन मिलिमीटर भरल्यावर तो दिवस खोडला. धाकटा संतापला. "पण मी भिजलो ना!" त्यावर अर्धा तास वाद झाला. पावसाचा दिवस म्हणजे काय, हे ठरवतं कोण आणि कशासाठी, यावर. हा पाठ कुठल्या इयत्तेच्या खोक्यात घालायचा?

विषयांची सरळ वाटणी होत नाही, हेही कबूल करते. एकाच विषयाच्या पोटात दोन्ही असतात. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्र्याहत्तरच्या जोडीला ‘सत्तर तीन’ आलं, तेव्हा महिनाभर सगळा महाराष्ट्र भांडला. माझं मत आजही असं की दोन्ही बाजूंनी पायरी आणि पंगत यांची गल्लत केली. दशक-एकक ही पायरी, तिथे ‘सत्तर तीन’ खरोखर मदत करतं. त्र्याहत्तर हा शब्द मात्र कानानं येतो, घरात वारंवार म्हटला गेला की आपोआप येतो. मोठीचे आकडे ऐकून साडेचार वर्षांचा ‘सत्तेचाळीस’ म्हणतो. सत्तेचाळीस म्हणजे किती हे त्याला ठाऊक नाही, पण शब्द बसला. वाचनाचंही तसंच. काना-मात्रा पायरीचा, गोष्ट ऐकणं पंगतीचं.

तेव्हा भाचीला मी सांगितलं ते असं: गणिताची आणि वाचनाची शिडी एकच घे, चांगली घे, हवं तर पैसे घाल. बाकी सगळं एक. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून मिळतात. ती अभ्यासक्रम म्हणून नको, वाणसामानाची यादी म्हणून वापर.

एक हरकत मात्र मला परतवता आलेली नाही, आणि ती त्या परिसंवादातून आली नाही, भाचीकडूनच आली. "मावशी, पंगत म्हणतेस, पण पंगतीत वाढणारी शेवटी जेवते." पंगत म्हटल्यावर पंक्तिभेद मला आठवला होता, हे नव्हतं आठवलं. आमच्या शाळेत दुसरे गुरुजी नसले की मी चौथीच्या मुलींना पहिलीची पाटी तपासायला बसवायची. मुलींनाच. मुलगे पटांगण झाडायला किंवा पाणी आणायला जात. त्या मुली फार छान शिकवत, मी त्यांचं तोंडभर कौतुक करायची, आणि शिकवण्यानं आपलंही पक्कं होतं असं त्यांच्या आयांना सांगायची. ते खोटं नव्हतं. पण त्यांच्या भागाकाराचं त्या वर्षी काय झालं, हे मी कधी मोजलं नाही.

भाचीनं आता नियम केला आहे. सकाळचा पहिला अर्धा तास मोठीचा. त्यात तिला कुणी हाक मारायची नाही, धाकटा रडला तरी. तो रडतो. बाप ऑफिसचा फोन बाजूला ठेवून त्याला गच्चीवर बाटली बघायला नेतो.

मधलीचं 52 वजा 27 आता बरोबर येतं. परवा 40 मधून 17 वजा करायला दिले तर 37 लिहून आणले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातच ठेवले. काड्यांची रबरं पुन्हा निघाली आहेत. पाऊस उघडला, बाटली चार दिवस कोरडी आहे, आणि धाकटा रोज विचारतो की कॅलेंडरात आता काय लिहायचं.