गादीचे अंतरंग आणि आप्तवाक्याचा प्रश्न

जी वस्तू फोडल्याशिवाय तिचे अंतरंग कळत नाही आणि फोडल्यावर जी विकत घेण्याजोगी उरत नाही, तिच्याविषयीचे ज्ञान ग्राहकाला कोणाच्या तरी शब्दावर विसंबूनच मिळवावे लागते; आणि ज्याच्या शब्दावर विसंबायचे त्याचाच त्या विक्रीत लाभ असेल, तर अशा शब्दाला प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानता येईल काय, हा प्रश्न वरवर बाजाराचा वाटला तरी मुळात ज्ञानमीमांसेचा आहे. नैसर्गिक लॅटेक्सची म्हणून विकली जाणारी गादी हे त्याचे आजच्या काळातील नेमके उदाहरण होय.

पाचोऱ्यासारख्या गावात दोन पिढ्यांपूर्वी गादीच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. भोवतालच्या काळ्या जमिनीतला कापूस, जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळी झालेली रुई आणि अंगणात बसून ती पिंजणारा पिंजारी, या तीन गोष्टी घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर असत. ताणलेल्या तातीवर ठोका पडला की दबलेला कापूस उसळून फुलत असे, त्यातली कवडी आणि कचरा खाली झडत असे, आणि मग तोलून घेतलेला तोच कापूस खोळीत भरून, हाताने सारखा करून, वर टाके घातले जात. काही वर्षांनी गादी बसली की ती उसवून पुन्हा पिंजून घेतली जाई, म्हणजे तिचे अंतरंग ठरावीक काळाने पुन्हा उघडे होई आणि भरताना कोणी फसवले असेल तर ते तेव्हा तरी उघडकीस येई. गादीविषयीचे ज्ञान हे अशा रीतीने प्रत्यक्षाचे, म्हणजे इंद्रियांनी थेट घेतलेले, ज्ञान होते.

लॅटेक्सच्या गादीची गोष्ट वेगळी आहे. रबराच्या झाडाच्या सालीला चीर दिल्यावर स्रवणारा चीक म्हणजे लॅटेक्स. भारतात तो मुख्यतः केरळातून येतो. ताज्या चिकात रबराचे प्रमाण साधारण तीस ते चाळीस टक्के असते. त्यात अमोनिया घालून तो टिकवतात आणि यंत्रात वेगाने फिरवून हे प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत नेतात. पुढे तो घुसळून फेसाळ करणे, साच्यात ओतून थिजवणे, गंधकाच्या साहाय्याने वाफेवर पक्का करणे आणि धुऊन वाळवणे, ही डनलॉप नावाने ओळखली जाणारी पद्धत १९२९ च्या सुमारास विकसित झाली. टॅलाले नावाच्या दुसऱ्या पद्धतीत साच्यातील फेस निर्वाताने फुगवून, गोठवून, मग पक्का केला जातो. दोन्ही पद्धतींत झाडाच्या चिकाऐवजी खनिज तेलापासून बनलेले स्टायरीन-ब्युटाडाइन रबर कमी-अधिक प्रमाणात मिसळता येते, आणि ते मिश्रण दिसायला व हाताला इतके सारखे लागते की प्रयोगशाळेबाहेर त्याचे प्रमाण सांगणे अवघड असते. गादी खोळीत शिवून आलेली असते. खोळीला चेन असलीच तरी ती उघडल्यावर दिसतो तो एक पांढरट, भोके पाडलेला थर, आणि तो शुद्ध की मिश्र हे डोळे सांगू शकत नाहीत.

ग्राहक पाचोऱ्यातल्या दुकानातून जळगावच्या मोठ्या दुकानात गेला की त्याला परस्परविरोधी वाक्ये ऐकू येतात. पाठीला कडक गादीच चांगली, असे एक जण सांगतो, तर दुसरा कडक गादीने पाठ बिघडते असे बजावतो. कोणी डनलॉप टिकाऊ म्हणतो, कोणी टॅलालेशिवाय खरे लॅटेक्सच नाही म्हणतो. एकाच्या मते लॅटेक्स खानदेशी उन्हाळ्यात थंड राहते, तर फोम विकणाऱ्याच्या मते तेच तापते. गौतमाच्या न्यायसूत्रांनी संशयाची जी कारणे सांगितली त्यांत विप्रतिपत्ती, म्हणजे एकाच विषयावरील परस्परविरोधी विधाने, हे एक कारण स्वतंत्रपणे नोंदवले आहे, आणि निर्णय त्यालाच म्हटले आहे जो दोन्ही पक्षांचा विचार करून होतो. त्याच शास्त्राने चर्चेचे तीन प्रकारही केले आहेत: सत्य कळावे म्हणून होणारा तो वाद, जिंकण्यासाठी होणारा तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडणारी ती वितंडा. शेजारच्या दुकानातील मालाची निंदा करून आपल्या मालाविषयी मात्र काहीच न सांगणारा विक्रेता वितंडा करत असतो, आणि त्याचे बोलणे कितीही माहितीपूर्ण वाटले तरी त्यातून गादीविषयी निर्णय होऊ शकत नाही.

मग विश्वास कोणावर ठेवावा? न्यायदर्शनाचे उत्तर असे की आप्ताच्या, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याच्या, उपदेशावर. आणि भाष्यकार वात्स्यायनाने या आप्ताचे लक्षण असे केले आहे की त्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्ट म्हणतो, आणि या एका वाक्याचे मोल फार मोठे आहे, कारण त्यामुळे विश्वासार्हता जन्मावर किंवा प्रतिष्ठेवर न ठरता ज्ञान आणि हेतू यांवर ठरते. याचा सरळ परिणाम असा की एकच माणूस एका वाक्यापुरता आप्त असतो आणि दुसऱ्या वाक्यापुरता नसतो. पंधरा वर्षे गाद्या विकणारा दुकानदार, कोणत्या गाद्या तक्रारीसह परत आल्या, कोणाच्या कडा लवकर बसल्या, हे सांगतो तेव्हा तो साक्षात जाणलेले सांगत असतो. तोच दुकानदार गादीत शंभर टक्के नैसर्गिक लॅटेक्स आहे असे म्हणतो तेव्हा मात्र त्याचे ज्ञान कंपनीच्या पत्रकाएवढेच असते. अशा ऐकीव ज्ञानाच्या साखळीसाठी शास्त्रकारांनी अंधपरंपरा, म्हणजे एका आंधळ्याचा हात धरून चाललेली आंधळ्यांची रांग, हा दृष्टान्त वापरला आहे. रांग कितीही लांब झाली तरी तिच्यात एकही डोळस नसेल तर तिला वाट सापडत नाही.

या साखळीत डोळस दुवा घालण्यासाठी प्रमाणपत्रे निर्माण झाली, परंतु त्यांच्याबाबतही वाक्य आणि विषय यांचा मेळ पाहावा लागतो. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे प्रमाणपत्र मालात अपायकारक द्रव्ये मर्यादेत आहेत काय एवढेच तपासते, त्यामुळे ते कृत्रिम लॅटेक्सच्या गादीलाही मिळू शकते. ती झाडाच्या चिकाची आहे, असे ते सांगतच नाही. गॉल्स या मानकाचा विषय सेंद्रिय लॅटेक्स हा आहे. पहिले प्रमाणपत्र दाखवून दुसऱ्याचे काम भागवणारा विक्रेता खोटे वाक्य उच्चारत नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या मनात खोटे ज्ञान उत्पन्न करतो.

तर मग शब्द बाजूला ठेवून गादीवर पडूनच पाहावे, असा सल्ला स्वाभाविकपणे दिला जातो. तो निरुपयोगी नाही, पण तत्त्वतः त्यात एक अडचण आहे. वातानुकूलित दुकानात पाच मिनिटे जागेपणी पडून राहणे हा झोपेचा अनुभव नव्हे, आणि ज्या गावात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो व माणसे बाज उचलून गच्चीवर किंवा धाब्यावर नेतात, तिथली रात्र तर त्या पाच मिनिटांत येऊच शकत नाही. गाढ झोपेत, म्हणजे सुषुप्तीत, जाणणारे मनच लीन होते, आणि सुखाने झोपलो, काहीच कळले नाही, हे ज्ञान उठल्यावर स्मरणाच्या रूपाने येते, अशी अद्वैत वेदान्ताची मांडणी आहे. नैयायिकांना ते स्मरण न वाटता सकाळी केलेले अनुमान वाटते. दोहोंपैकी काहीही मानले तरी गादी जेव्हा खरोखर आपले काम करत असते तेव्हा तिचा साक्षात परीक्षक हजर नसतो, हे खरे उरते. म्हणूनच अनेकांच्या अनेक रात्रींची पद्धतशीर नोंद महत्त्वाची ठरते. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे आढळले. कडक गादीच हवी, हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने सांगणाऱ्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी आणि दुकानदारांनी ते केवळ परंपरेने घेतलेले असते.

यावर मीमांसकांचा एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत गेले तर त्या दाखल्यालाही दाखला लागेल आणि विचार कुठेच थांबणार नाही. म्हणून ज्ञान स्वतःच प्रमाण मानावे आणि त्याला बाध करणारे दुसरे ज्ञान आले किंवा ज्या कारणातून ते आले त्यात दोष दिसला तरच सोडावे, अशी कुमारिलाची भूमिका आहे. नित्याच्या व्यवहारात ती योग्यच आहे, कारण प्रत्येक शब्दावर संशय घेणाऱ्याला मीठसुद्धा विकत घेता येणार नाही. परंतु विक्रेत्याला एका गादीवर दुसरीपेक्षा जास्त दलाली मिळत असेल, तर कारणातला दोष तिथेच दिसतो, आणि मीमांसकाच्या स्वतःच्या नियमानुसार त्या वाक्यावरचा सहज विश्वास तेथे संपतो.

पाचोऱ्याचा ग्राहक बहुधा स्वतः कापूस विकणारा शेतकरी असतो, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर त्याच्या मालातली आर्द्रता यंत्राने मोजली जाते, ती आठ टक्क्यांच्या वर असेल तर भावात कपात होते आणि बाराच्या वर असेल तर माल नाकारला जातो. त्याच्या शब्दाला तिथे काडीचीही किंमत नसते. तोच माणूस गादीच्या दुकानात गेल्यावर मात्र त्याने दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा घ्यावा अशी अपेक्षा असते, आणि ही विषमता अन्यायाची आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ ने तिचा काही अंश ओळखला आहे: खरेदीदाराने स्वतः सावध राहावे हा सर्वसाधारण नियम असला तरी, आपला हेतू सांगून तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल तर माल त्या हेतूस योग्य असलाच पाहिजे, अशी अट व्यवहारात गृहीत धरली जाते. तेव्हा कंबर दुखते म्हणून गादी हवी, हे दुकानात मोघम न बोलता स्पष्ट सांगणे आणि बिलावर साहित्याचे वर्णन लिहून घेणे, याला केवळ चोखंदळपणा समजू नये.

मात्र कायदा जिथवर पोहोचतो त्याच्या पलीकडे जैन आचारशास्त्र गेले आहे, आणि खानदेशातील व्यापारात जैन कुटुंबांचा वाटा पाहता ते या भूमीला परके नाही. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या व्रतांचे अतिचार, म्हणजे व्रत पुरते न मोडता त्याला डाग लावणारी वर्तने, सांगितली आहेत, आणि त्यांत अस्सल मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून विकणे, ज्याला प्रतिरूपक-व्यवहार म्हणतात, ते सत्यव्रताखाली न येता अचौर्यव्रताखाली येते. खोट्या वजनमापांच्या शेजारीच त्याची जागा आहे. मिश्र लॅटेक्स शुद्ध म्हणून देणे हे असत्यभाषण तर आहेच, पण त्याआधी ती चोरी आहे, कारण ग्राहकाने पाहून-विचारून ठरवायचे जे होते ते ठरवण्याचा त्याचा अधिकार त्याच्या नकळत काढून घेतला जातो. श्रावक प्रतिक्रमणात या अतिचारांचा उच्चार करून पश्चात्ताप व्यक्त करतो. ज्या दुकानदाराला मिश्रण ठाऊकच नव्हते त्याचे काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचेही उत्तर त्याच शास्त्रात आहे: तेथे हिंसा, असत्य आणि चौर्य या दोषांचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, मानले आहे, आणि न तपासता पुढे केलेला शब्द हा प्रमादच होय. यातून सुटण्यासाठी दुकानदाराने प्रयोगशाळा उघडण्याची गरज नाही. कंपनी असे म्हणते, आतला माल आपण पाहिलेला नाही, एवढे त्याने गिऱ्हाइकाला सांगितले तर वात्स्यायनाच्या लक्षणाप्रमाणे तो त्या वाक्यापुरता आप्त ठरतो.