वाळवंट कोणाचे?

व्यवहारात वस्तू तीन प्रकारच्या असतात. काही आपल्या, काही परक्याच्या आणि काही सर्वांच्या. आपल्या वस्तूला मनुष्य जपतो, परक्याच्या वस्तूला हात लावताना भितो, आणि सर्वांच्या वस्तूची मात्र खुशाल दैना करतो. स्वतःचे अंगण झाडून केर रस्त्यावर लोटणारा गृहस्थ आपण रोज पाहतो. त्याला म्हणावे, "अहो, हे काय?" तर उत्तर ठरलेले, "रस्ता काय माझ्या बापाचा आहे?" म्हणजे 'सर्वांचे' या शब्दाचा अर्थ त्याने 'कोणाचेच नाही' असा केला. वास्तविक 'सर्वांचे' म्हणजे 'माझेसुद्धा' असा सरळ अर्थ आहे.

नदीचे वाळवंट, गावचे गायरान, डोंगर, गड, राने, समुद्राचा किनारा ही सारी या तिसऱ्या प्रकारची संपत्ती आहे. मनुष्य तेथे यात्रेला जातो, हवा खायला जातो, चार घटका मन मोकळे करायला जातो. पण येथे एक मोठी अडचण उभी राहते. या जागा सर्वांना खुल्या ठेवाव्यात तर त्या नासतात. राखाव्यात म्हणून कुंपण घालावे तर त्या सर्वांच्या राहत नाहीत. मग धर्म कोणता? खुले ठेवणे हा, की राखणे हा? या प्रश्नाचा यथामति विचार करण्याचे येथे योजिले आहे.

यावर दोन पूर्वपक्ष आहेत. पहिला म्हणतो, "लोकांना अक्कल नाही. चार शहाण्यांना आत सोडा, बाकीच्यांना दारात अडवा, म्हणजे जागा टिकेल." दुसरा म्हणतो, "देवाची भूमी, देवाची नदी. आम्हाला अडवणारे तुम्ही कोण? आम्ही वाटेल तिथे उतरू, वाटेल तसे वागू." पहिल्यात अहंकार आहे आणि दुसऱ्यात आळस. देवाचे नाव घेऊन आळस झाकता येतो, एवढाच काय तो दुसऱ्याचा विशेष!

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. विश्वजित् नावाचा एक याग आहे. त्यात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. यजमान जर सार्वभौम राजा असला तर त्याने सगळी पृथ्वीही देऊन टाकावी काय, असा प्रश्न जैमिनींनी पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात घेतला आहे. सिद्धान्त असा की, देऊ नये. कारण पृथ्वी सर्वांना सारखीच आहे, ती राजाची नव्हेच. राजाने रक्षण करावे आणि रक्षणाबद्दल पिकाचा वाटा घ्यावा, एवढाच त्याचा अधिकार. जे आपले नाही ते द्यायचे कसे? बघा, ज्या काळी राजा म्हणजे प्रत्यक्ष विष्णू अशी समजूत होती, त्या काळी आमच्या मीमांसकांनी त्याला इतके स्पष्ट सुनावले आहे.

हीच गोष्ट आजच्या न्यायमंदिरातही निराळ्या भाषेत सांगितली गेली. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका हॉटेलवाल्याने आपली जागा वाचवण्यासाठी नदीचा ओघच वळवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1996 साली निकाल झाला की नदी, वन, किनारा यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताने ती खाजगी लाभासाठी देऊन टाकता कामा नये. पुढे 2011 साली गावोगावच्या गायरानांवरील व तळ्यांवरील बेकायदा कब्जे उठवण्याची व्यवस्था करा, असा हुकूमही त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना केला.

धर्मशास्त्रात दान आणि उत्सर्ग असा आणखी एक सुंदर भेद आहे. दान कोणा एकाला देतात. उत्सर्ग मात्र सर्वांसाठी असतो. विहीर, तळे, आमराई तयार झाली की तिचा उत्सर्ग करायचा, म्हणजे 'हे आता माझे नाही, हे सर्व भूतांचे' असा संकल्प सोडायचा. मग शंका निघाली की तळे बांधणाराने स्वतः त्या तळ्याचे पाणी प्यावे की नाही? निबंधकार म्हणतात, अवश्य प्यावे. पण मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. आणि 'सर्व भूते' या शब्दात नुसती माणसे येत नाहीत. गुरे येतात, पाखरे येतात, मासे-बेडूकही येतात. तेव्हा जागा सर्वांना मोकळी असणे आणि जागा जिवंत राहणे, या दोन गोष्टी एकाच संकल्पात बांधलेल्या आहेत. एक सोडून दुसरी धरता येत नाही.

संकल्प असा उदार, आणि आचार कसा? महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, पाखरे पीत, परधर्माची माणसेही पीत. फक्त अस्पृश्य म्हटलेल्या माणसाने प्यायचे नाही! 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे करण्याचा ठराव केला, नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसांसह तेथे जावे लागले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धी' झाली, दावे चालले. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. कागदावर खुली असलेली जागा पायाखाली खुली होण्याला किती वेळ लागतो, याचे हे उदाहरण आहे.

आपल्या घरचेही सांगितले पाहिजे. चोखोबांना देवळात जागा नव्हती, ती महाद्वारासमोर समाधीच्या रूपाने मिळाली. वाळवंटात मात्र सर्व जातींचे संत एकत्र नाचले असे परंपरा अभिमानाने सांगते, आणि तो अभिमान रास्त आहे. पण विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरास दहा दिवस उपोषण करावे लागले, हेही विसरू नये. इरावतीबाई कर्वे वारीबरोबर चालल्या, आणि जातीजातींच्या दिंड्या वेगळ्या आणि पंगतीही वेगळ्या पाहून त्यांचे मन खिन्न झाले, ते त्यांनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवले आहे. तेव्हा 'आमच्याकडे सगळे मोकळे आहे' असे छाती काढून म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, आता कोण कोणाला अडवतो? दार उघडले, प्रश्न संपला." आमच्या मते प्रश्नाचा निम्मा भाग येथेच सुरू होतो. यायला सगळे, पण झाडायला कोण?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक नियम आहे. संकट नसताना राजमार्गावर घाण करणाराने दोन कार्षापण दंड द्यावा आणि ती घाण स्वतः ताबडतोब काढावी. वृद्ध, गर्भिणी, बालक किंवा अडचणीत सापडलेला मनुष्य असेल तर त्याला दंड नाही, नुसती समज द्यावी. पण जागा स्वच्छ झालीच पाहिजे. हीच ती स्मृती, जी माणसामाणसात भेद करते म्हणून 25 डिसेंबर 1927 रोजी महाडलाच जाळली गेली. ती का जाळली गेली हे समजून घेऊनही आम्ही म्हणतो की हा नियम न्यायाचा आहे. दुर्दैव असे की त्या ग्रंथातले भेद आपण शेकडो वर्षे कसोशीने पाळले, आणि करणाराने स्वतः निस्तरावे हे मात्र सोयीस्करपणे विसरलो. घाण एकाने करायची आणि डोक्यावरून दुसऱ्याने वाहायची, तीही पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातीने, हा आपला सनातन रिवाज होऊन बसला.

चंद्रभागेच्या वाळवंटात हेच चालले होते. लाखो लोक जमत, पुरेशी शौचकूपे नसत, आणि वारी उठल्यावर ते सारे वाळवंट काही थोड्या माणसांनी हातांनी उपसायचे. बायामाणसांची कुचंबणा तर सांगायची सोय नाही. अंधार पडण्याची वाट पाहत त्या दिवस काढीत. हाताने मैला उचलायला लावण्यास 2013 च्या कायद्याने पूर्ण बंदी झाली. त्यानंतर पंढरपूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि नदीपात्रात तंबू-राहुट्या उभारण्यावर न्यायालयाने निर्बंध घातले. पलीकडच्या तीरावर 65 एकरांची जागा वारकऱ्यांच्या उतरण्यासाठी तयार झाली. पालखीच्या वाटेवर फिरती शौचालये येऊ लागली. त्या वेळी आमच्यातली पुष्कळ मंडळी रागावली. "बापजाद्यांपासून वाळवंटात उतरतो, आज आम्हाला हुसकावता?" असा त्यांचा सवाल होता.

सवालामागचे दुःख खरे आहे. वाळवंट म्हणजे आमचे माहेर. पण उत्तरही तितकेच खरे आहे. माहेरी आलेल्या लेकीने खुशाल लोळावे, पण तिच्या मागे घर धुवायला शेजारच्या बाईला वेठीला धरावे काय? ज्या माणसाला आमची घाण उपसावी लागली, त्याचे ते वाळवंट नव्हते काय? तो सर्वांपैकी नव्हता काय? त्याला टाळ वाजवायला कधी सवड मिळाली? तेव्हा न्यायालयाने भक्तीला मनाई केली असे म्हणणे बरोबर नाही. ओझे कमी करा आणि ते दुसऱ्याच्या डोक्यावर देऊ नका, एवढेच सांगितले.

यावरून आमचा सिद्धान्त असा: माणसाला मनाई नको, ओझ्याला मर्यादा हवी. हा विवेक सुटला की राखणाराही चुकतो. राजस्थानात भरतपूरजवळ पाखरांचे एक प्रसिद्ध पाणथळ रान आहे. तिथल्या महादेवाच्या देवळावरून त्याला केवलादेव म्हणतात. 1982 साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून राखायचे ठरले आणि भोवतालच्या गावांची गुरे एकाएकी बंद करण्यात आली. गावकरी खवळले, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि पाखरांचे भले झाले काय? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे पाहणी केली, तेव्हा दिसले की म्हशी चरायच्या थांबल्यामुळे गवत बेसुमार माजून पाण्यावर पसरले आणि पाखरांचीच अडचण झाली. ज्यांना उपद्रवी म्हणून हाकलले, ते त्या रानाचे राखणदारही होते. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मोकळीक द्यावी लागली. आपल्या गडांच्या पायथ्याची वाडी, रानातला धनगर, काटक्या वेचणारी आजी यांच्याकडे बघताना हे उदाहरण ध्यानात ठेवावे. रविवारी सहलीला येणारा पाहुणा तेवढा शहाणा आणि तिथे जन्मलेला अडाणी, असे समजू नये.

मर्यादा घालायची तर कशी, हाही धर्माचाच प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातले कासचे पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. पावसाळा सरता सरता तेथे फुलांचा गालिचा पसरतो. पाहायला माणसांची इतकी झुंबड उडाली की फुलेच पायाखाली जाऊ लागली, आणि दिवसाला किती जणांना सोडायचे याला मर्यादा घालावी लागली. ती योग्यच आहे. फूल तुडवून फुलाचे दर्शन होत नाही. मात्र अशी मर्यादा नुसत्या पैशाने पाळली जाऊ नये. पैशाच्या उंबरठ्यावर ज्याच्या खिशात आहे तो रोज आत जातो आणि ज्याच्या खिशात नाही तो कधीच जात नाही. पाळी लावली तर प्रत्येकाला आज ना उद्या मिळते. देवाच्या दर्शनाला आपण रांग लावतोच ना? तोच न्याय. देखभालीला पैसा लागतो हे खरे. पण गरिबाच्या पोरांसाठी, शाळांसाठी, जवळच्या गावकऱ्यांसाठी दार त्यामुळे बंद होऊ नये. आंधळा, पांगळा, म्हातारा यांना हात धरायला कठडा, बसायला ओटा, चढायला उतरण असावी. 2016 च्या कायद्याने अपंगांना करमणुकीचाही समान हक्क दिला आहे. गेल्या 2025 साली शिवकालीन 12 किल्ले जागतिक वारशात आले, त्यांत 11 महाराष्ट्रातले. प्रत्येक बुरुजावर प्रत्येकाला नेता येणार नाही, पण पायथ्याशी तरी सर्वांची सोय करता येईल. आणि वर जाणाऱ्याने नेलेली बाटली खाली परत आणणे हे तर शंभर टक्के साध्य आहे.

सारांश, ईशावास्य उपनिषदाने पहिल्याच मंत्रात त्याग आणि भोग एका ठिकाणी आणले आहेत, ते उगाच नव्हे. सगळे ईश्वराने व्यापलेले आहे असे ज्याने खरोखर मानले, त्याने उपभोग घेताना मागे काय ठेवले हे वळून पाहिलेच पाहिजे.

दिंडीचालकांना आमची एक विनंती आहे. दिंडीत विणेकरी असतो, चोपदार असतो, पाणी देणारा असतो, तशी मुक्काम उठल्यावर जागा झाडण्याचीही पाळी असावी. ती मजुरावर सोपवू नये, जातीवर तर मुळीच नाही. विणेकऱ्याची पाळी यावी, मृदंग्याची यावी, फडकऱ्यांची यावी, आणि कीर्तनकाराची आधी यावी. काल्याची लाही एका हंडीतून सगळ्यांनी खायची आणि पत्रावळी मात्र एकट्याने उचलायच्या, हा काला नव्हे. येत्या वारीला आपल्या राहुटीपुरती दहा हात जमीन आपण निघताना जशी होती तशी मागच्यासाठी ठेवली, तरी पांडुरंगाला पुष्कळ झाले.

रामकृष्णहरि.