सूर्य सर्वांचा, अनुदान कोणाचे?

सूर्य कोणाचे कुळ विचारीत नाही, कोणाची ऐपत पाहत नाही. वाड्याच्या गच्चीवर पडते तेच ऊन गरिबाच्या पत्र्यावरही पडते. परंतु त्या उन्हाची वीज करावयाची म्हटली की पैसा लागतो, पक्के छत लागते, नावावर मीटर लागते. निसर्गाने सारखे दिलेले माणसाच्या व्यवहारात येताच असमान होते. ही असमानता थोडीतरी कमी व्हावी म्हणून सरकार अनुदान देते. ते घेताना शरणांची दृष्टी काय असावी, याचा विचार करू.

आधी योजना समजून घेऊ. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. छतावर एक किलोवॅटचा संच बसविल्यास ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. एक किलोवॅटचा संच दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. दिवे, पंखे, टीव्ही एवढाच वापर असलेल्या घराला तो पुरतो.

यातील दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, केंद्राच्या या अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा नाही. दुसरी, संच बसून तपासणी झाल्यावरच रक्कम बँक खात्यात येते. तारणाविना कर्जाची सोय आहे खरी. पण रोजंदारीवर जगणाऱ्याला कर्ज या शब्दाचीच धास्ती असते. म्हणजे ज्याच्या हाती आधीच चार पैसे आहेत तो पुढे जातो, आणि ज्याच्यासाठी दार उघडले तो उंबऱ्याबाहेर राहतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तर छतच नाही.

हा पैसा कोणाचा? सरकारचा म्हणाल तर सरकार तो कोठून आणते? खोलीत राहणारी मोलकरीण साबणाची वडी घेते तेव्हा तीही कर भरते. ज्यांना छत नाही त्यांचाही घास या अनुदानात आहे. दान आणि दासोह यांतील भेद आपण जाणता. दानात देणारा वर असतो, घेणारा खाली. दासोहात देणाराच दास होतो. सर्वांच्या श्रमातून जमलेला पैसा सर्वांच्या हितासाठी परत येतो, तो दासोहाच्या भावनेनेच घ्यावयास हवा.

म्हणून गरजू बंधुभगिनींनो, अनुदान घेताना संकोच करू नका. फुकटचे घेतल्याने कायकाला बाध येतो, असे कोणी म्हणेल. पण विजेचा संच हे साधन आहे. शिलाईयंत्र चालविणाऱ्या भगिनीचे बिल वाचले तर तिचे कायक थांबत नाही, त्याला बळच मिळते. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज माफ आहे. मग संच कशाला, असे बेळगाव भागात विचारले जाते. माफी देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते; चांगल्या संचाच्या पट्ट्या पंचवीसएक वर्षे काम करतात.

आणि संपन्न सद्भक्तहो, आपण आयदक्की लक्कम्मांचे स्मरण करा. मारय्या शरण अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त आणले. लक्कम्मांनी विचारले, एवढे कशासाठी? आणि जास्तीचे परत ठेवून यावयास सांगितले. ते तांदूळ चोरीचे नव्हते. कोणी अडविलेही नव्हते. तरी लक्कम्मांना ते रुचले नाही, कारण गरजेपेक्षा जास्त आले होते.

आपण म्हणाल, नियमात बसते ते घेण्यात पाप कसले? शिवाय कोणाच्याही छतावर वीज झाली तरी कोळसा वाचतोच. हे खरे आहे. नियमाने आपण दोषी नाही. पण जो अनुदानाविनाही संच बसविणार होता त्याला ७८,००० रुपये दिल्याने देशात एकही पट्टी वाढत नाही. तीच रक्कम एक किलोवॅटच्या दोन गरीब घरांना पुरून उरते. कायद्याने मिळते तेवढे घेणे हा व्यवहार झाला. लागते तेवढेच घेणे हे शरणांचे शील होय.

महाराष्ट्र सरकारने २०२५ साली यावर एक वाट काढली. स्मार्ट नावाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. एक किलोवॅटचा खर्च ५०,००० धरला तर घरधन्याला २,५०० रुपयेच घालावे लागतात. जेथे अशी सोय नाही तेथे आपणच सोय व्हावे. शेजाऱ्याला सुरुवातीची रक्कम हातउसनी द्यावी, अनुदान जमा झाले की तेवढी परत घ्यावी, व्याज घेऊ नये. उरलेला भार तो वाचलेल्या बिलातून हळूहळू फेडील. अर्ज भरता येत नसेल त्याचा अर्ज भरून द्यावा. यात आपले काही जात नाही, आणि एक घर उजळते.

प्रसाद ओंजळीपुरता घ्यावयाचा असतो. मागच्या पंक्तीला उरला आहे ना, हे पाहूनच पुढच्याने हात पुढे करावा. आपल्या छतावर संच बसविण्याआधी शेजारच्या छताकडे एकदा पाहा, एवढीच विनंती.

शरणु शरणार्थी.