न गाळलेली पायरी

आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण-तरुणींना रोज नवी कल्पना लढविण्यापेक्षा नेमून दिलेले काम नेमलेल्या रीतीने पुरे करण्यात समाधान वाटते. अशांविषयी ‘त्याला डोके चालवायला नको’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु असे काम खरोखर हलके असते काय?

पांढुर्णा व सौंसर ह्या तहसिलींत, ज्यांचा २०२३ साली वेगळा जिल्हा झाला, अशी कामे पुष्कळ आहेत. संत्र्यांची प्रतवारी करावी लागते. कापसातील ओल मोजावी लागते. सौंसरकडील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापडाचा कारखाना आहे. कापडाच्या धंद्यात थान उजेडासमोरून सरकवून तुटलेला धागा व डाग शोधणारी माणसे लागतातच. असा मनुष्य नवे काही घडवीत नाही. तो पाहतो, मोजतो, नोंद करतो व सही करतो.

त्या सहीचे मोल आपल्या शेजारीच दिसून आले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध घेतलेली बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. मृतांची संख्या वीसच्या वर गेली. त्यांत पांढुर्णा जिल्ह्यातीलही मूल होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्का आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, तेही ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या ह्याच विषाने.

हे विष चवीला गोड व दिसायला ग्लिसरीनसारखेच असते. डोळ्यांना भेद कळत नाही, चाचणीला कळतो. म्हणूनच कच्चा माल व तयार औषध तपासल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये, अशी रीत घालून दिलेली आहे. येथे कल्पकता कामाची नाही. पायरी न गाळणारा मनुष्य हवा.

कोणी म्हणेल, नियमाला चिकटून राहणे हा परूशीपणाच नव्हे काय? नाही. परूशी लोकांनी पाहावे म्हणून नियम पाळी. तपासनीस पाळतो तेव्हा बहुधा कोणी पाहत नसते. लेवीयच्या १९ व्या अध्यायात शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, आणि खरी वजने-मापे ठेवण्याची आज्ञाही त्याच अध्यायात आहे. ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही अशा शेजाऱ्यावर प्रीती करावयाची, तर ती अचूक मापानेच करता येते.

मात्र ह्या स्वभावाला एक मोह असतो. रीत आवडणे आणि साहेबाच्या हो ला हो म्हणणे ह्या गोष्टी एक नव्हेत. गाडी दारात उभी आहे, ‘आज सही कर, चाचणी उद्या पाहू,’ असे वरून सांगितले जाते. तेव्हा मुकाट्याने सही करणाराही आज्ञाधारकच दिसतो. पण रीत त्याने मोडलेली असते. उलट, लहान हुद्द्याच्या, भिडस्त माणसाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ ह्या लेखी नियमातूनच मिळू शकते. पोटाचा प्रश्न असताना हे सोपे नाही. म्हणून अशा वेळी मंडळीने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गात वह्या मोजून ठेवणारे, एक कमी भरली तर पुन्हा मोजणारे एखादे मूल असेल. त्याला मंद समजू नका. ती मोजणी कोणासाठी आहे, एवढे मात्र त्याला शिकवा.