पट्टा खांद्यावर येण्याआधी

आधी जुनी बॅग रिकामी करू. नवी घ्यायचं मनात आलं की हात मोबाइलकडे जातो, चित्रं सरकायला लागतात आणि तासाभराने डोक्यात फक्त रंग आणि सवलतीचे टक्के उरतात. मोबाइल थोडा वेळ दुसऱ्या खोलीत राहू दे. सोप्यात, गच्चीवर, जिथे पाठ टेकून बसता येईल तिथे चादर अंथरा आणि बॅगेतली एकेक वस्तू तिच्यावर ठेवत जा. लॅपटॉप. चार्जर, वायरीच्या गुंत्यासकट. माउस. डबा. पाण्याची बाटली. छत्री. वही. गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी, एसटीची चुरगळलेली तिकिटं, मागच्या सराईतल्या कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. तळाला चिमूटभर माती असेल, तीही झटकून घ्या.

आता काही करू नका. नुसतं बघत बसा. रोज तुमच्या पाठीवर असतं ते हे. श्वास त्याच्या चालीने येऊ-जाऊ दे, आणि एकेका वस्तूला मनातल्या मनात विचारा: गेल्या आठवड्यात तुला माझा हात लागला होता का? लागला असेल ती उजवीकडे सरकवा, नसेल ती डावीकडे. उत्तर लगेच आलं नाही तर वस्तू मधेच राहू दे, पुढची घ्या.

मोठी बॅग घ्यावीशी वाटते ती बहुतेक वेळा डाव्या ढिगामुळे, असं माझं मत आहे. जागा असली की सामान जमतंच. डावा ढीग कपाटात ठेवून द्या. निवड करायची ती उजव्यासाठी.

उजव्या ढिगातल्या लॅपटॉपवर तळहात ठेवा. हा घरात कसा आला ते आठवा. कुणाकडे उसाचं बिल जमा झालं त्या आठवड्यात आला, कुणाच्या आईने बचत गटातून कर्ज काढलं, कुणाला कंपनीने दिला आणि नोकरी सोडताना तो परत करावा लागणार आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं गावाकडे परतली आणि सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत कंपनीचं काम पहिल्यांदाच सोप्यात, धान्याच्या पोत्यांशेजारी बसून झालं. आज या यंत्रात कुणाचा प्रबंध आहे, कुणाची स्पर्धा परीक्षेची टिपणं, कुणाच्या दुकानाचा हिशेब. त्याला कशात ठेवायचं याचा विचार मन लावून करावा, असं मला कळकळीने वाटतं.

उजवा ढीग पुन्हा बॅगेत भरा आणि उभे राहा. बॅग दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरा. डोळे मिटा. दहा श्वास तशीच धरून ठेवा. वजन आधी कुठे जाणवतं ते बघा. मनगटात, कोपरात, की कमरेच्या मागच्या बाजूला? १५.६ इंची लॅपटॉप साधारण दोन किलोच्या आसपास असतो. लिटरची बाटली भरली की नुसतं पाणीच एक किलो. चार्जर, डबा, छत्री धरून आकडा पाचाकडे जातो, आणि रिकाम्या बॅगेचं स्वतःचं वजन, अर्ध्यापासून दीड किलोपर्यंत, आपण हिशेबात धरतच नाही.

शाळेतल्या मुलांसाठी हा हिशेब कुणीतरी केला आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्येच तशी मर्यादा घातली होती. मोठ्यांसाठी असा नियम कुणी केलेला नाही, पण खांद्याची हाडं शाळा सुटली म्हणून बदलत नाहीत. पन्नास किलो वजनाच्या मुलीला त्या हिशेबाने पाच किलो. तुमचा आकडा तुम्ही काढा.

डोळे मिटलेलेच असू देत. बॅग आता एका खांद्यावर घ्या, एका पट्ट्याची असेल तशी, आणि जागच्या जागी पावलं टाका. थोड्या वेळाने तो खांदा कानाकडे सरकतो, मान दुसऱ्या बाजूला कलते. हे होऊ दे, थांबवू नका, फक्त जाणवू दे. मग दोन्ही खांद्यांवर घ्या. पट्टे आखडून बॅग पाठीला चिकटेल इतकी वर आणा. दोन्हींतला फरक शरीराने एकदा नोंदवला की कुणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही. स्टँडवरून दहा मिनिटांहून जास्त चालावं लागत असेल तर दोन पट्टेच घ्या. एका पट्ट्याची चपटी बॅग दारातून गाडीत आणि गाडीतून टेबलाशी जाणाऱ्यांना शोभते.

बसा. आता तुमचा रस्ता डोळ्यांसमोर आणा.

आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग एकेकाळी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या दोन जिल्ह्यांत पाऊस एकसारखा कधीच नव्हता. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, कोयनेचं खोरं जूनपासून भिजत असतं, आणि पूर्वेला माण, आटपाडी, जत या तालुक्यांत पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. मेढ्याहून साताऱ्याला येणाऱ्या माणसाची बॅग पाण्याशी झुंजते. जतहून सांगलीला येणाऱ्याची उन्हाशी आणि धुळीशी. दुकानात दोघांसमोर एकच बॅग टांगलेली असते.

तुमच्या रस्त्यावर तुम्ही कशात बसता? वडापच्या जीपमध्ये बसत असाल तर गुडघे समोरच्या बाकड्याला टेकलेले आणि बॅग मांडीवर. तिथे जाड बॅग शेजारच्याच्या कोपराशी भांडते. शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून साताऱ्याच्या विनाथांबा एसटीत चढत असाल तर घाटातल्या वळणांवर वरच्या रॅकमधली बॅग इकडून तिकडे सरकते, तेव्हा लॅपटॉप मांडीवर आणि कपड्यांची पिशवी वर. कोयना एक्स्प्रेसने सांगली-मिरजेला जात असाल तर साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला, तिथवर रिक्षा. दुचाकीवर असाल तर पाठीवरची बॅग वाऱ्याने मागे ओढते आणि पट्टे काखेत रुततात. छातीवर आडवा लहान पट्टा असेल तर ते ओढणं कमी होतं. स्कूटरवर पायांपाशी बॅग ठेवायची सवय असेल तर पाणी वरून येण्याआधी खालून, पुढच्या चाकाच्या शिंतोड्यांतून येईल. अशा बॅगेचा तळ वेगळ्या, जाड, पुसता येण्याजोग्या कापडाचा हवा.

हा रस्ता घाईने संपवू नका. दारातून निघाल्यापासून बॅग खाली ठेवेपर्यंत ती कुठे कुठे टेकते, ते एकेक ठिकाण बघा. स्टँडची फरशी. बसचा पत्रा. हॉटेलातली खुर्ची. ऑफिसच्या टेबलाचा पाय. लॅपटॉपला बसणारे बहुतेक धक्के उंचावरून पडण्याचे नसतात. बॅग खाली टेकवतानाचे असतात, दिवसातून कितीतरी वेळा, कोपऱ्यावर.

म्हणून मला मिरजेची आठवण होते. सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यं घडवण्याचं काम दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांचा वाळलेला भोपळा आतून पोकळ. एक ठोसा पुरतो. तरी ही वाद्यं रेल्वेने, बसने देशभर जातात. त्यांच्या अंगाला गवसणी असते. गवसणी वाद्याच्या मापाची असावी लागते. आत वाद्य हलता कामा नये, आणि भोपळ्याच्या भागाला कापसाचा थर जाड लागतो, कारण टेकणार तोच. लॅपटॉपचा कप्पा बघताना मी गवसणीचेच दोन प्रश्न विचारते: आत हलतो का, आणि टेकणारी बाजू जाड आहे का?

पहिल्यासाठी माप घ्या. इंच म्हणून सांगतात तो पडद्याचा कर्ण. त्यावरून यंत्राची लांबी-रुंदी कळत नाही. एकाच कर्णाचे दोन लॅपटॉप, एक रुंद आणि एक उंच, एकाच कप्प्यात बसतीलच असं नाही. शाळेची पट्टी घेऊन लांबी, रुंदी, जाडी कागदावर लिहा. दुसऱ्यासाठी दुकानात रिकाम्या कप्प्यात हात घाला आणि बॅग काउंटरवर उभी ठेवून बोटं खाली दाबा. बोटांना काउंटर लागला, तर उद्या लॅपटॉपचा कोपराही त्यालाच लागणार. चांगल्या बॅगेत हा कप्पा तळाच्या दोन बोटं वर लटकलेला असतो. किमतीच्या चिठ्ठीवर ही गोष्ट लिहिलेली नसते, आणि माझ्या मते इतर सगळ्यांपेक्षा हीच जास्त महत्त्वाची आहे.

आता कापड. डोळे मिटून बोटांनी चाचपा. चिठ्ठीवर ६०० किंवा १६८० डेनिअर असा आकडा दिसेल. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड. वीण सैल असेल तर जाड धागाही फसवतो. कापड उलटं करून आतला लेप बघा. पाणी तोच अडवतो, आणि दमट हवेत काही वर्षांनी तोच पापुद्र्यांसारखा सुटून लॅपटॉपला चिकटतो. मग चेन. ती सावकाश उघडा, सावकाश मिटवा, कोपऱ्यावर रनर अडकतो का ते कानाने ऐका. चेनीचे दात सहसा शाबूत राहतात. सैल होतो तो रनर, आणि स्टँडजवळच्या बॅग दुरुस्तीवाल्याकडे तो थोडक्या पैशांत बदलून मिळतो. शेवटी पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे अंगठा ठेवा. चौकटीत फुली मारलेली दाट शिलाई असावी. एकेरी टाका असेल तर ती बॅग परत खुंटीवर टांगा, कितीही देखणी असली तरी.

चामड्याचा मोह मी समजू शकते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूरसोबत सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हेही आहेत. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची माया इथल्या माणसांना आहे. पण पावसाळा आला की हीच माणसं ती चप्पल पुसून माळ्यावर ठेवतात. आटपाडी, जतकडे चामड्याची बॅग वर्षानुवर्षं टिकेल. पाटण, मेढ्याकडे श्रावण सरायच्या आत तिच्यावर बुरशी येईल.

पाण्याबद्दल थोडं आणखी थांबू या, कारण सांगलीत पाणी म्हणजे फक्त पाऊस नसतो. १९२९ च्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ सालचे पूरही लोकांच्या मनात ताजे आहेत. शांतपणे कल्पना करा: भोंगा वाजला, घर सोडायचंय, हातात एकच बॅग. लॅपटॉपशेजारी दाखले, सातबारा, पासबुक, आजीच्या गोळ्यांची पिशवी यांना जागा आहे का? छातीत धडधडलं तर हरकत नाही, श्वास एकदा पूर्ण सोडा आणि पुन्हा बघा. कागद न दुमडता राहतील असा एक सरळ, सपाट कप्पा नदीकाठच्या माणसाने मागून घ्यावा. आणि बॅग जलरोधक आहे यावर विसंबू नये. साधी बॅग पावसाच्या सरी अडवते. पाण्यात बुडाली की चेनीतून आणि शिलाईच्या भोकांतून पाणी शिरतंच. वरून घालायचं पावसाळी कव्हर पट्ट्यांची बाजू उघडी ठेवतं. आतमध्ये जाड प्लॅस्टिकची, तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी घडी करून कायम ठेवा. लॅपटॉप बॅगेत घालण्याआधी पूर्ण बंद करा. नुसतं झाकण मिटवलं तर बंद कप्प्यात तो तापत राहू शकतो.

एवढं झालं की बाजारात जा. साताऱ्यात राजवाड्याकडे, सांगलीत मारुती चौकाकडे, जिथे तुमचं नेहमीचं दुकान असेल तिथे. उजवा ढीग सोबत न्या, भरलेल्या बाटलीसकट. पसंत पडलेल्या बॅगेत तो सगळा भरा, दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या, आणि दुकानदाराला सांगून दारापर्यंत चार-पाच फेऱ्या मारा. बहुतेक दुकानदार आनंदाने मारू देतात. खांदे कानांकडे सरकले तर बॅग उतरवा आणि दुसरी मागा. कुठलीच बरोबर वाटली नाही तर जुन्या बॅगेला नवा रनर बसवून घ्या आणि दिवाळीपर्यंत थांबा. एखादी बरोबर वाटली, तर पैसे देताना हमी किती महिन्यांची आणि चेन-शिलाई तिच्यात धरली आहे का, हे पावतीवर दुकानदाराकडूनच लिहून घ्या.